चाळीस हजारांची काठी काय करते?

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा एक मुलगा दहावीनंतरच्या सुट्टीत पूल खेळायला लागला. आता बारावी संपत आली, तरी वेड काही उतरलेलं नाही. मागच्या महिन्यात त्याचे वडील लिफ्टमध्ये भेटले. हातात मोबाइल, मोबाइलवर एका काळ्या कुळकुळीत काठीचं चित्र. म्हणाले, "तुम्ही विज्ञानाचं लिहिता ना? मग एवढं सांगा, या काठीत चाळीस हजारांचं नेमकं आहे काय? आमच्या वेळी कॅरमचा स्ट्रायकर वीस रुपयांत यायचा, आणि त्यावर आम्ही आंतरशालेय स्पर्धा खेळलो."

लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर. प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. घराघरांत तो वेगवेगळ्या रूपात येतोच. बॅडमिंटनची रॅकेट, धावण्याचे बूट, इंग्लिश विलोची बॅट. महाग वस्तू घेतली तर पोरगं खरंच पुढे जाईल का, हा हिशेब पालकांना करावाच लागतो.

आधी काठीची ओळख करून घेऊ. पूल खेळायच्या काठीला क्यू म्हणतात. लांबी साधारण ५८ इंच, म्हणजे पावणेपाच फुटांहून किंचित जास्त. वजन ५०० ते ६०० ग्रॅम. बहुतेक क्यू मधोमध उघडतो. मागचा जाड भाग म्हणजे बट, पुढचा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट. शाफ्टच्या टोकाला फेरुल नावाची छोटी टोपी आणि तिच्यावर चामड्याची टिप. ही टिप पूलमध्ये १२-१३ मिलिमीटर जाडीची असते. स्नूकरचे चेंडू लहान, त्यामुळे त्यांची टिपही लहान, नऊ-दहा मिलिमीटरची. आपल्याकडे क्लबांमध्ये जुन्या लोकांच्या हातात दिसतो तो ॲश लाकडाचा स्नूकर-बिलियर्ड्सचा क्यू. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. तो खेळ त्या घराण्यातला. पूल मात्र अमेरिकेत वाढला, आणि खेळाडूच्या मापाने, त्याच्या आवडीने क्यू घडवून देण्याची परंपराही मुख्यतः तिथलीच.

या परंपरेतलं सर्वांत मोठं नाव जॉर्ज बालाबुश्का. रशियात जन्मलेला हा माणूस लहान वयात अमेरिकेत आला आणि १९५९ पासून १९७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत न्यूयॉर्कमध्ये क्यू बनवत राहिला. त्याच्या हातून फार तर हजार-बाराशे क्यू तयार झाले असतील. त्याच्याआधी शिकागोत हर्मन रॅम्बो होता, नंतर पेनसिल्व्हेनियात गस झाम्बोती झाला. १९८६ च्या 'द कलर ऑफ मनी' या चित्रपटात पॉल न्यूमन टॉम क्रूझला एक बालाबुश्का भेट देतो, तेव्हापासून हे नाव पूल न खेळणाऱ्यांनाही माहीत झालं. गंमत अशी, की पडद्यावर दिसणारा तो क्यू बालाबुश्काचा नव्हताच. जॉस या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचा क्यू त्याच्यासारखा दिसेल असा सजवला होता. चित्रीकरणाच्या धामधुमीत एवढी मोलाची वस्तू कोण हाताळायला देणार? खरा बालाबुश्का आज संग्राहकांकडे हजारो डॉलरला जातो आणि बहुधा काचेच्या कपाटात राहतो.

या कारागिरांची कमाल नक्षीत आहे असं आपल्याला वाटतं. आबनूस, रोझवूड, शिंपला, पूर्वीच्या काळी हस्तिदंत, बटवर वर चढत गेलेली टोकदार पानं. खरी कमाल दिसत नाही ती, शाफ्टच्या लाकडाची. पूलच्या क्यूला उत्तर अमेरिकेतलं कठीण मेपल लागतं. तंतू सरळ, दाट, टोकापासून शेवटपर्यंत न वळलेले. असा तुकडा निवडायचा, लेथवर थोडा तासायचा आणि टांगून ठेवायचा. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा थोडा तासायचा, पुन्हा टांगायचा. दर वेळी लाकडातला आतला ताण थोडा मोकळा होतो आणि काठी वाकायची असेल तर वाकून घेते. वाकली तर बाजूला. टिकली तर पुढची फेरी. असं करत महिने जातात, कधी वर्षही. मिरजेला तानपुऱ्याचा भोपळा वाळवणाऱ्यांना ही घाई न करण्याची रीत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. हाताने घडवलेल्या क्यूच्या किमतीतला मोठा वाटा या थांबण्याचा असतो.

आता प्रश्न असा, की ही काठी चेंडूला करते काय?

चेंडूच्या बरोबर मध्यावर टिप लागली तर फारसं काही घडत नाही. सरळ काठी, सरळ चेंडू. त्या फटक्यात पार्लरच्या भिंतीला टेकलेला कळकट क्यू आणि चाळीस हजारांचा क्यू यांत सांगण्यासारखा फरक नसतो. मजा सुरू होते ती खेळाडू पांढऱ्या चेंडूच्या उजवीकडे किंवा डावीकडे मारतो तेव्हा. आपल्याकडे याला 'साइड' म्हणतात. साइड दिली की चेंडू स्वतःभोवती गरगरत जातो आणि कुशनला आपटल्यावर वेगळ्या कोनात वळतो. पुढच्या फटक्यासाठी पांढरा चेंडू हव्या त्या जागी नेऊन ठेवायची हीच किल्ली. पण तिची एक किंमत मोजावी लागते. चेंडूच्या उजव्या बाजूला मारलं, की चेंडू काठीच्या रेषेत न जाता किंचित डावीकडे सटकतो. याला स्क्वर्ट किंवा डिफ्लेक्शन म्हणतात.

किंचित म्हणजे किती? भरपूर साइड दिली तर साध्या क्यूने दोनेक अंश सहज. ऐकायला काहीच नाही. पण दोन अंशांची चूक दीड मीटरवर पाच सेंटिमीटरची होते, आणि पूलच्या चेंडूचा व्यास आहे सव्वापाच नव्हे, पावणेसहा सेंटिमीटरच्या जवळ, नेमका ५७.१५ मिलिमीटर. म्हणजे नेम अचूक असूनही पांढरा चेंडू जवळजवळ एक चेंडूभर बाजूने जाणार.

असं का होतं, याचं उत्तर शोधायला बराच काळ लागला. कोरिओलिस हे नाव वाऱ्यांच्या संदर्भात आपण शाळेत ऐकतो. त्याच फ्रेंच गणितज्ञाने १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावर एक अख्खा ग्रंथ लिहिला होता. पण काठीच्या टोकात काय चालतं ते उलगडायला वेगवान कॅमेरे यावे लागले. टिप आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात तो वेळ सुमारे एक मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात चेंडू गरगरू लागलेला असतो आणि त्याला चिकटलेली टिपही त्याच्याबरोबर बाजूला ओढली जाते. उजवीकडे मारलं असेल तर उजवीकडे. चेंडू टिपेला उजवीकडे ढकलतो, म्हणून टिप चेंडूला डावीकडे ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम, दुसरं काही नाही.

मग हा धक्का कमी कसा करायचा? टिपेसोबत बाजूला सरकणारं वजन कमी केलं तर. इथे एक सुंदर गोष्ट आहे. ५०० ग्रॅमची अख्खी काठी त्या क्षणी बाजूला सरकत नाही. टोकाला बसलेला आडवा हिसका लाकडातून मागे पसरतो, पण एका मिलिसेकंदात तो वीतभरच मागे पोचतो. म्हणजे चेंडूच्या दृष्टीने काठी तेवढीच, पुढची वीतभर. त्यामागे काय आहे याची खबर लागेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. बटवरचं आबनूस, हस्तिदंती पानं, मधल्या सांध्याचा स्क्रू लाकडाचा की पोलादाचा, यातलं काहीही या चुकीला कमी-जास्त करू शकत नाही. सांधा टोकापासून जवळजवळ पाऊण मीटर मागे असतो, आणि तिथवर ती बातमी वेळेत पोचतच नाही. स्क्वर्ट टोकाच्या काही ग्रॅम वजनावर ठरतो, हे रॉन शेपर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने २००१ च्या एका लेखात समीकरणांसह मांडलं. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत यंत्र अभियांत्रिकी शिकवलेले डेव्हिड अल्सिएटोरे यांनी वेगवान चित्रीकरणातून ते अनेकदा दाखवलं आहे.

कारखानदार तोवर कामाला लागले होते. फ्लोरिडातल्या एका क्यू-कंपनीने १९९० च्या दशकात 'आयर्न विली' नावाचा यंत्रमानव बांधला. त्याचं काम एकच, त्याच वेगाने, त्याच जागी, न कंटाळता फटके मारणं. माणसाच्या हातातली चूक वगळली की काठीची चूक उघडी पडते. त्यातून प्रेडेटर या नावाचे हलक्या टोकाचे शाफ्ट बाजारात आले. मेपलच्या पाचरीसारख्या पट्ट्या गोलाकार चिकटवलेल्या आणि पुढचा भाग आतून पोकळ. पुढे २०१६ च्या सुमारास त्याच कंपनीचा कार्बन फायबरचा शाफ्ट आला. लिफ्टमध्ये मोबाइलवर पाहिलेली काळी काठी ती याच जातीची. नुसत्या शाफ्टची किंमत पाचशे डॉलरच्या आसपास.

तर चाळीस हजारांपैकी पहिला हिस्सा हा. टोक हलकं, म्हणून सटकणं कमी. कमी, शून्य नव्हे. दोन अंशांचा दीड होईल, कदाचित सव्वा. नेम धरताना जी सूट द्यावी लागते ती थोडी घटेल, पण द्यावी लागेलच.

आता जरा उलट बाजूने पाहा. जुन्या नामांकित क्यूंच्या टोकाला हस्तिदंताचं फेरुल असे. हस्तिदंत दिसायला देखणं, टिकाऊ, आणि आजच्या प्लास्टिकच्या फेरुलपेक्षा चांगलंच जड. म्हणजे आपण वर मांडलेल्या हिशेबाने संग्राहकांचा तो लाडका क्यू आजच्या मधल्या भावाच्या शाफ्टपेक्षा जास्त सटकणार. तरी त्या काळात लोक काय खेळले! विली मॉस्कोनी यांनी १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला एका प्रदर्शनी सामन्यात न चुकता लागोपाठ ५२६ चेंडू घातले. तो विक्रम मोडायला ६५ वर्षं लागली. हलक्या टोकाचा शाफ्ट ही कल्पनाच तेव्हा कुणाच्या मनात नव्हती. (स्ट्रेट पूल या त्या प्रकारात पांढरा चेंडू फार लांब न्यावा लागत नाही आणि साइडही कमी लागते, हे मान्य. पण ५२६ म्हणजे ५२६.)

हे जमलं कसं, याचं उत्तर काठीत नाही, काठी धरणाऱ्याच्या डोक्यात आहे.

१९९६ मध्ये जपानमधल्या अत्सुशी इरिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना एक छोटं दाताळं दिलं आणि लांबचा खाऊ त्याने ओढून घ्यायला शिकवलं. माकडांच्या मेंदूत काही पेशी अशा असतात, की हाताच्या जवळ काही दिसलं तर त्या चेततात. दाताळं वापरून झाल्यावर त्याच पेशी दाताळ्याच्या टोकाजवळच्या वस्तूंनाही चेतू लागल्या. मेंदूच्या लेखी हात तेवढा लांब झाला होता. नुसतं दाताळं हातात धरून ठेवलं तर हे होत नसे, ते वापरावं लागे. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों इथे ल्यूक मिलर आणि सहकाऱ्यांनी माणसांवर वेगळा प्रयोग केला. हातात लाकडी काठी, काठी दिसत नाही, आणि तिला कुठेतरी हलका ठोका दिला जातो. ठोका काठीच्या कुठल्या भागावर पडला हे लोकांनी बरंच अचूक सांगितलं. काठीची थरथर जागेनुसार बदलते आणि हात ती वाचतो. अंध व्यक्तीची पांढरी काठी आठवा. तिच्या टोकाशी खड्डा 'लागतो', तळहाताशी नव्हे.

खेळाडू ज्याला क्यूची 'हिट' किंवा 'फील' म्हणतात, ते हेच. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. चेंडू टिपेला सोडून जातो एका मिलिसेकंदात. हाताच्या मज्जातंतूंतून निघालेला संदेश मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोचायला साधारण २० मिलिसेकंद लागतात. म्हणजे फटका 'जाणवतो' तेव्हा तो केव्हाच होऊन गेलेला असतो. त्या जाणिवेने चालू फटका सुधारता येत नाही. ती पुढच्या फटक्यासाठी लिहिलेली नोंद असते. अशा हजारो नोंदी साठल्या की मेंदू आपल्या काठीची चूक पाठ करतो. एवढी साइड, एवढा वेग, एवढं अंतर, तर नेम एवढा बाजूला. शिवाय काठी मागून किंचित उचललेली असतेच, त्यामुळे साइड दिलेला चेंडू पुढे जाताना वळून थोडा परतही येतो, आणि हे वळणं हळू फटक्यात लवकर दिसतं, जोरकस फटक्यात उशिरा. सटकणं आणि वळणं यांची ही वजाबाकी समीकरणाने करायला बसलो तर पार्लर बंद व्हायची वेळ येईल. मुरलेला खेळाडू ती वाकता वाकता करून टाकतो. कशी केली विचारलं, तर त्याला सांगता येणार नाही.

कॅरम खेळणाऱ्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. दुसऱ्याच्या स्ट्रायकरने खेळायला लागलं की पहिले दोन बोर्ड वाया जातात. तो स्ट्रायकर वाईट नसतो. आपला नसतो.

म्हणूनच मापाने बनवलेल्या क्यूची खरी किंमत मला वेगळ्या ठिकाणी दिसते. चांगला कारागीर एकच काठी वर्षानुवर्षं तशीच राहील याची हमी देतो. वजन तेच, तोल तोच, जाडी तीच, सरळपणा तोच. मेंदूने एकदा पाठ केलेला धडा मग बदलत नाही. ज्याचं पोट या खेळावर आहे, दिवसाचे सहा तास जो टेबलाशी असतो, त्याला यासाठी पैसे मोजणं परवडतं.

ती काठी गेली तर काय होतं, याचं स्नूकरमधलं गाजलेलं उदाहरण स्टीफन हेन्ड्री. १९९० ते १९९९ या काळात सात वेळा जगज्जेता. पोरवयापासून एकच क्यू, तोही काही नावाजलेल्या कारागिराचा महागडा नव्हे, साधा. २००३ मध्ये विमानप्रवासात तो मोडला. त्यानंतर हेन्ड्री जगज्जेता कधीच झाला नाही. गोष्ट इथे थांबवली तर फार छान वाटते, पण ती पुरी खरी नाही. नवा क्यू घेऊन त्याच वर्षी त्याने ब्रिटिश ओपन जिंकली, २००५ मध्ये माल्टा कपही. शिवाय आपल्याला 'यिप्स'ने अनेक वर्षं छळलं, असं त्याने स्वतःच नंतर सांगितलं. यिप्स म्हणजे फटका मारायच्या क्षणी हात अडखळणं. गोल्फ खेळणाऱ्यांत याचा बराच अभ्यास झाला आहे. काहींत तो स्नायूंच्या नियंत्रणातला दोष असतो, काहींत दडपण, बहुतेकांत दोन्हींची सरमिसळ. तेव्हा हेन्ड्रीच्या उताराचं खापर एकट्या मोडक्या क्यूवर फोडता येणार नाही. वय, हात, मन, काठी, सगळंच एकदम बदलत होतं.

चाळीस हजार न देता मिळणारी एक गोष्टही सांगितली पाहिजे. २००२ मध्ये मार्क विल्यम्स, रॉबर्ट सिंगर आणि शेन फ्रेलिक यांनी बिलियर्ड्स खेळणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. फटका मारण्याआधी नजर शेवटची जिथे स्थिरावते, तो स्थिर काळ कसलेल्या खेळाडूंत नवख्यांपेक्षा जास्त होता, आणि चेंडू पॉकेटमध्ये गेला त्या फटक्यांत चुकलेल्या फटक्यांपेक्षा जास्त होता. फटका अवघड होत गेला तसा हा काळही वाढला. नेमबाजी आणि बास्केटबॉलच्या फ्री थ्रोमध्येही असंच आढळलं आहे. काठी पुढे जायच्या आधी नजर थोडी थांबवणं. पार्लरमध्ये एखादी संध्याकाळ उभं राहून पाहा, हरणाऱ्यांचे डोळे कसे भिरभिरत असतात ते.

आरोग्याच्या पानावर लिहितो आहे तर त्या निळ्या खडूविषयी बोलायलाच हवं. टिपेला लावतात तो खडू फळ्यावरच्या खडूसारखा नसतो. १८९७ मध्ये विल्यम स्पिंक्स हा खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनज्ञ यांनी शिकागोत सिलिका आणि ॲल्युमिनाचं खरखरीत मिश्रण तयार करून त्याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून आजवर प्रकार तोच. त्यामुळे चामडं चेंडूला धरून राहतं आणि मध्यापासून जवळजवळ अर्ध्या त्रिज्येपर्यंत बाजूला मारता येतं. त्यापलीकडे गेलं, की खडू लावा नाहीतर काहीही लावा, टिप घसरते आणि सगळं पार्लर वळून बघतं. अर्ध्या त्रिज्येची ही मर्यादा दोनशे रुपयांच्या काठीला आणि दोन लाखांच्या काठीला सारखीच आहे. या खडूच्या काही रंगांत शिसं असू शकतं, असं 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत दिसलं होतं. सगळ्याच खडूंत नव्हे, पण काहींत ते दुर्लक्ष करण्याजोगं नव्हतं. घाबरून जायचं कारण नाही. खडूवर फुंकर मारायची नाही, खेळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही, आणि घरी टेबल असेल तर खडू रांगत्या बाळाच्या तोंडाजवळ जाता कामा नये. पार्लरमधली मुलं एका हाताने खडू आणि दुसऱ्या हाताने वेफर्स चालवताना मी पाहिली आहेत, म्हणून सांगतो.

धुळीचा खरा त्रास खेळणाऱ्याला नाही, घडवणाऱ्याला होतो. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक म्हणून नोंदवली आहे, नाकाच्या आतल्या भागाच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. क्यूच्या बटसाठी आवडीने वापरलं जाणारं कोकोबोलो आणि रोझवूडच्या कुळातली इतर लाकडं त्वचेला खाज आणणारी, काहींना दम्यापर्यंत नेणारी. नक्षीचा जो भाग चेंडूपर्यंत पोचतच नाही, त्याची किंमत कारागिराचं नाक आणि फुप्फुसं मोजतात. धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि मास्क यांना चांगल्या कारखान्यात पर्याय नाही.

आता ठाण्याच्या पावसाळ्याकडे येऊ, कारण कार्बन फायबरच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा मला तिथे सापडतो. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं. एसीच्या खोलीत, निम्म्या आर्द्रतेत, लाकडात आठ-नऊ टक्के ओलावा असेल तर जुलैतल्या मुंबईच्या हवेत काही आठवडे राहिल्यावर तो दुप्पट होऊ शकतो. लांबीत फारसा फरक पडत नाही, पण रुंदीत लाकूड फुगतं, आणि तंतू एका बाजूला जरा तिरके असतील तर काठी धनुष्यासारखी वाकते. अमेरिकेत दोन वर्षं टांगून सरळ केलेलं मेपल आपल्या एका पावसाळ्यात तिची परीक्षा देतं. कार्बन फायबर ओलावा पीत नाही, वाकत नाही, त्याला खाचा पडत नाहीत. आवाज मात्र वेगळा येतो, आणि लाकडावर वाढलेल्यांना तो आवडत नाही.

एवढं सगळं जमवून मी त्या गृहस्थांकडे गेलो. सांगितलं, की तुमचा मुलगा आठवड्यातून तीनदा, दर वेळी पार्लरच्या कुठल्या तरी वेगळ्या काठीने खेळतो. त्याच्या मेंदूला दर वेळी नवा धडा मिळतो, म्हणजे मिळतच नाही. त्याला महाग काठी नको, स्वतःची काठी हवी. सरळ, त्याला पेलेल अशा वजनाची, चांगल्या चामड्याच्या टिपेची. तीच दोन वर्षं वापरू दे. दोन वर्षांनी तो स्वतःच सांगू शकेल, की काळ्या काठीने त्याचं काय बदलेल. तेव्हाही मागितली, तर त्या मागणीत वजन असेल. मुलगा बाजूला उभा होता. त्याचं तोंड थोडं उतरलं, खोटं कशाला सांगू.

दिवाळीच्या आधी त्यांनी पार्लरमधल्या एका मोठ्या खेळाडूचा जुना मेपलचा क्यू घेतला, नव्या टिपेसह साडेपाच हजारांत. घरी आणल्यावर वडिलांनी तो जेवणाच्या टेबलावर आडवा ठेवून गडगडवला आणि टेबलाच्या पातळीला डोळा लावून टिप वर-खाली होते का ते पाहिलं. नाही झाली. मग मला विचारलं, ठेवायचा कुठे, भिंतीला टेकवून चालेल का? म्हटलं, टेकवायचा नाही, पिशवीत घालून आडवा ठेवा. आतून त्याच्या आईचा आवाज आला. बुटांच्या खोक्यांतून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्या तिने वर्षभर डब्यात साठवल्या होत्या. त्यातल्या सहा तिने आधीच त्या पिशवीत टाकल्या होत्या.